तुम्ही विचारलंत म्हणून: किती मीटर?

लग्नकार्यात, कॉलेजच्या ग्रुपवर, मुलाखतीत, सगळीकडे हेच. "धावत्या गाड्या एकमेकींशी किती अंतरावरून बोलू शकतात? एक आकडा सांग ना." मी सांगत नाही. शिष्टपणा नाही हो; एकदा सांगून बसलेय, ते अजून निस्तरतेय.

गाडी सेकंदाला 10 वेळा आपली जागा आणि वेग रेडिओ संदेशातून हवेत सोडते. मिळालं, असं उलट कोणी कळवत नाही. त्यामुळे अमुक अंतरावर शंभरातले किती संदेश पोचतील, एवढंच सांगता येतं. तेही रस्त्यावर कोण कोण आहे त्यावर.

पीएचडीतलं माझं मॉडेल देखणं होतं. एक किरण सरळ जाणारा, दुसरा डांबरावर आपटून येणारा. अँटेना दीड मीटर उंचीवर, 5.9 गिगाहर्ट्झ, म्हणजे लहर जेमतेम 5 सेंटीमीटरची. साधारण 88 मीटरवर हे दोन किरण एकमेकांना खातात. दुप्पट अंतरावर सिग्नल उलट सुधारतो! फक्त त्या रस्त्यावर दोनच गाड्या होत्या.

प्रात्यक्षिक जुन्या मुंबई-पुणे हायवेवर, वडगावच्या पुढे. पुढच्या गाडीत ज्युनिअर. मागच्या गाडीत मी, मांडीवर लॅपटॉप, शेजारी प्रकल्पाला पैसे देणारे साहेब. टपावरच्या अँटेनाची वायर दारात चेपलेली, तिला चिकटपट्टी. पडद्यावर आलेल्या संदेशांचा आकडा पळत होता. 1412 वर थांबला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. एक, दोन, तीन सेकंद. 60 च्या वेगात तेवढ्यात 50 मीटर जातात. मग आकडा पुन्हा पळायला लागला, आणि मी न अडखळता 88 मीटरचं गणित ऐकवलं. "मॉडेलमध्ये हे आधीच दिसलं होतं, सर." साहेब खूश. "मग एरवी किती धरायचे?" "300."

रात्री लॉग आणि डॅशकॅम जुळवून बघितले. अंतर 60 मीटर होतं. माझ्या मॉडेलप्रमाणे तिथे सिग्नल झकास हवा. मध्ये एक निळा कंटेनर घुसला होता. आम्ही दोघं पडद्यात डोकं घालून बसलेलो. ड्रायव्हरने पाहिला असणार, पण त्याला कोण विचारतंय?

अहवालात 300 गेले. मी खोडले नाहीत.

तेव्हाची मी आजही भांडते: मॉडेल म्हणजे काहीतरी वगळणंच. प्रत्येक गाडीची लांबी-उंची धरली तर संगणकावर एकेक रन रात्रभर चालतो, आणि मुदत शुक्रवारची होती. खरंय तिचं. पण बाई, हायवेवरून कंटेनर वगळलास?

आता मी कंटेनर घालते. शंभर गाड्यांत किती घालायचे, तेही मीच ठरवते.

मागच्या महिन्यात साहेबांचा फोन आला. ते 300 अजून चालतील ना? मी म्हटलं, सर, मध्ये काय येतं त्यावर...

"बरं, मग 250 लिहू?"