उजनीत शीड घेऊन जाताय? आधी गाळाचं बघा

"पाणी काठाला लागलंय डॉक्टर, या बिनधास्त." फोनवरच्या या शब्दावर विसंबून मे महिन्यात दोन दिवस दवाखाना बंद ठेवला, लेझर, म्हणजे माझी छोटी शिडाची बोट, गाडीच्या टपावर बांधली आणि सोलापूरहून टेंभुर्णी, जेऊर करत कुगाव गाठलं. पाणी दोनशे पावलं आत सरकलं होतं. मधे नुसता गाळ.

लेझरची नुसती बोट 59 किलोची, कोरड्यात दोघं सहज उचलतात. इथं गुडघाभर गाळ, त्यात बाभळीची बुडखी. एक पुतण्याच्या पोटरीत घुसलं, टाके मीच घातले. शेवटी ट्रॅक्टर बोलावला. ठरले पाचशे, बोट अर्ध्या गाळात आल्यावर दीड हजार मागितले. दुसरा इलाजच नव्हता. ही सरळ लूट आहे. पैसे आधी, चार माणसांदेखत ठरवा.

पण खरा दगा गाळाने पाण्यात दिला. शिडाची दोरी ज्या दोन दातेरी चकत्यांत अडकवतो, त्यांत चिखल वाळून बसला होता. दुपारी अडीचला वळवाचा वारा आला, दोरी वर झटकली तर सुटेना. बोट आडवी झाली, आम्ही दोघं पाण्यात. या चकत्यांना जर्मनीत आजही मॅनफ्रेड करीचं नाव आहे. तोही डॉक्टर, 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये शिडाची शर्यत खेळलेला. दवाखाना सांभाळून शर्यतीत उतरणाऱ्या मला तो फार जवळचा वाटतो. वारा आला की एका झटक्यात दोरी सुटावी, एवढ्यासाठी ती चकती. तीच मी न धुता पाण्यात नेली. पाच लिटरचा गोड्या पाण्याचा कॅन आणि जुना टूथब्रश सोबत ठेवा. बोट पाण्यात ढकलण्याआधी चकत्या हाताने फिरवून बघा, खट्कन परत आल्या पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा छान होता, तीन तास मनसोक्त सराव झाला.

मे महिन्यात दुपारी एकनंतर पाण्यात थांबूच नका. 21 मे 2024 च्या संध्याकाळी याच कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. त्यात दोन लहान लेकरं होती. लाइफ जॅकेटचा पट्टा काठावरच आवळायचा, पोहता येत असलं तरी.

आणि फोनवर कुणाला विचारू नका. उजनीची टक्केवारी रोज पेपरात येते. धरण मायनसमध्ये, म्हणजे पाणी मृत साठ्यात गेलं असेल तर बोट टपावर चढवूच नका.