जपानी शाळेतलं दूध आणि त्याचं रिकामं खोकं

लेकीला तोक्योतल्या सरकारी प्राथमिक शाळेत घातलं तेव्हा मला धास्ती होती ती भाषेची आणि जेवणातल्या मांसमच्छीची. दुधाचं काही डोक्यातही नव्हतं. पालकसभेत पहिलीच्या बाईंनी एक चिमुकलं कागदी खोकं वर धरलं. मुलांना हे आपलं आपण उघडता आलं पाहिजे, न सांडता पिता आलं पाहिजे आणि रिकामं झाल्यावर उलगडून सपाट करता आलं पाहिजे, तर घरी सराव करून घ्या, म्हणाल्या. मी वहीत लिहून घेतलं, पण मनात म्हटलं, एवढंसं खोकं, त्यात शिकायचं काय?

इथे शाळेच्या जेवणाला १९५४ पासून कायदा आहे आणि जेवण हा शिक्षणाचाच भाग धरतात. पांढरे डगले, डोक्यावर टोप्या, आणि मुलंच वाढपी. भात असो, पाव असो, ताटाशेजारी २०० मिलीलिटर थंडगार दूध असतंच. मासे असले तरी असतं. हे सासूबाईंना फोनवर सांगितलं आणि पंचाईत झाली. "अगं, माशांवर दूध? अंगावर कोड उठेल पोरीच्या!" विरुद्ध आहाराबद्दल मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण भाताबरोबर दूध जात नाही असं वाटणारे जपानीही आहेत. निईगाता प्रांतातल्या सान्जो शहरानं डिसेंबर २०१४ पासून चार महिने शाळेच्या जेवणातून दूध काढूनच टाकलं होतं. पुढे ते परत आणलं, पण जेवणापासून वेगळ्या वेळेला.

आमच्या इमारतीतल्या आजींच्या लहानपणी खोकंही नव्हतं आणि खरं दूधही नव्हतं. युद्धानंतर परदेशी मदतीतून आलेल्या पावडरीचं दूध, तेही ॲल्युमिनियमच्या वाडग्यात. त्याच्या वासाचं वर्णन करताना त्या अजून नाक मुरडतात. मग काचेच्या बाटल्या आल्या. त्यांची कागदी बुचं मुलं खेळायला जमवायची. काही भागांत बाटल्या आजही आहेत, पण बहुतेक ठिकाणी आता कागदी खोकंच.

तर सराव. सुपरमार्केटातून तसलीच छोटी खोकी आणली. पहिली अडचण स्ट्रॉची. जोरात खुपसली की दूध उसळून थेट बाहीवर. खोकं मधोमध न धरता वरच्या कडांना धरायचं, हे लेकीनंच शोधून काढलं. पिऊन झाल्यावर खरं काम सुरू होतं. चारही कोपऱ्यांना दुमडून चिकटवलेले कान असतात, ते नखानं सोडवून उभे करायचे. मग वरचा जोड दोन्ही अंगठ्यांनी फाकवायचा. मागच्या बाजूला उभा जोड असतो, तो वरपासून खालपर्यंत सोलत आणायचा. कात्री नाही. सगळं जमलं की हातात एक चौकोनी कागद राहतो, आतून पांढराशुभ्र. आपल्याकडच्या फ्रुटीच्या खोक्याला आतून चकचकीत अस्तर असतं, तसं याला नाही. दूध थंडच ठेवतात, म्हणून ॲल्युमिनियमचा थर लागत नाही. कागद आणि दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, बस. म्हणून तर तो कागद वेगळा काढणं सोपं जातं. धागाही लांब आणि चिवट, म्हणून खोकी गोळा करून त्यांचा टॉयलेट पेपर करतात.

जूनमध्ये पालकांना शाळेचं जेवण चाखायला बोलावलं. जेवण झाल्यावर आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, आता तुम्हीही खोकी उलगडा. सूटबूट घालून आलेले बाबालोक कान सोडवताना घामाघूम झाले, एकाच्या टायवर दुधाचे थेंब. बाईंनी एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली. शेवटचा थेंब पिऊनच खोकं उलगडा, नाहीतर बादलीतलं पाणी नासतं. नळ सोडून धुवायचं नाही. एका बादलीत विसळायचं, दुसऱ्या बादलीत पुन्हा, मग जाळीच्या टोपलीत उभं करून वाळत ठेवायचं. दुधाच्या पिशव्या धुऊन, ओट्याच्या टाइल्सवर चिकटवून, वाळल्या की रद्दीवाल्यासाठी साठवणाऱ्या घरात मी वाढले. मला ते बादलीतलं विसळणं अगदी माहेरचं वाटलं.

सगळंच काही गोड नाही. जून म्हणजे इथला पावसाळा. खोकी वाळत नाहीत आणि वर्गात आंबूस वास भरतो. खायला हातात जेमतेम वीस मिनिटं, त्यात हे. सावकाश जेवणाऱ्या मुलांची तर फरपटच होते, आणि आमची लेक त्यांतलीच. करोनाच्या काळात अनेक शाळांनी हे धुणं थांबवलं होतं. ते कायमचं थांबलं असतं तरी मी तक्रार केली नसती. पण सोडून दिलं तर खोकी भट्टीत जातात, कारण या देशात घरोघरचा बहुतेक कचरा जाळतात. खोक्यांचा कागद असा वाचवायची चळवळ सुरू केली १९८४ साली, यामानाशी प्रांतातल्या ओत्सुकी गावच्या आयांनी.

लेक दुसरीत गेल्यावर खोकं बदललं. प्लॅस्टिक कमी करायचं म्हणून स्ट्रॉ गेली. आता वरची चोच उघडून तोंड लावून प्यायचं. चोच उघडताना बोट आत घालू नये, ही नवी शिस्त. पुन्हा आठवडाभर बाह्या ओल्या.

नव्यानं येणाऱ्या मराठी आईबाबांना एवढंच सांगेन, की खोक्याची चिंता करू नका. मुलं आपल्याआधी शिकतात. पण मुलाला दूध सोसत नसेल, तर आदल्या वर्षी शरद ऋतूत शाळाप्रवेशाची आरोग्य तपासणी असते, तिथेच तसं सांगून टाका. डॉक्टरांनी भरायचा छापील तक्ता लागतो. नुसतं "आवडत नाही" चालत नाही आणि तक्ता दरवर्षी नवा द्यावा लागतो. डॉक्टरकडे तो भरून मिळायला वेळ लागतो, तेव्हा एप्रिलमध्ये शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, मार्चपर्यंत थांबू नका.