बॉयलरची परीक्षा

माझे आजोबा कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेत फायरमन होते. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी मी लहानपणी पाहिली, पण इंजिनावर चढायला कधी मिळालं नाही. आजोबा निवृत्त झाल्यावरही इंजिनाबद्दलच बोलत बसायचे. "आगीकडे कुणीही बघतं गं. फायरमननं काचेकडे बघायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काच म्हणजे बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी उभी नळी.

नोकरीसाठी इंग्लंडमध्ये डर्बीला आल्यावर एका रविवारी आम्ही मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात चालायला गेलो. ती पायवाट म्हणजे एकेकाळचा रेल्वेमार्ग. घरी येऊन वाचलं तर हा मार्गही अडीच फुटी, १९०४ साली सुरू झालेला, १९३४ साली बंद पडलेला, आणि बांधणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. आमची बार्शी लाइट उभी केली तीही त्यांनीच! आजोबांना हे सांगायला हवं होतं असं फार वाटलं. त्यानंतर वर्षभरात माझ्या गॅरेजमध्ये एक इंजिन आलं.

हे इंजिन पाच इंची गेजचं, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर पाच इंच. चार चाकं, तांब्याचा बॉयलर, 'स्वीट पी' नावाच्या आराखड्यावरून कुणीतरी घरी बांधलेलं. वजन पन्नास किलोच्या वर. कोळसा घालून खरी वाफ करायची, मागे ट्रॉलीवर बसून चालवायचं, आणि चार माणसं ते आरामात ओढतं. मी ते जुनं विकत घेतलं तेव्हा बॉयलरचं प्रमाणपत्र संपलेलं होतं. प्रमाणपत्राशिवाय अशा छोट्या इंजिनांचा कुठलाही क्लब आपल्या रुळांवर इंजिन पेटवू देत नाही, आणि ते योग्यच आहे. मागे बसलेली असतात लोकांची मुलं.

परीक्षा दोन असतात. तांब्याच्या बॉयलरची चार वर्षांतून एकदा पाण्याची, आणि दरवर्षी वाफेची.

पाण्याच्या परीक्षेत बॉयलर थंड पाण्यानं काठोकाठ भरायचा, हवेचा बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही, सेफ्टी व्हॉल्व काढून तिथं बुचं लावायची आणि हातपंपानं दाब वाढवत न्यायचा. माझ्या बॉयलरचा कामाचा दाब दर चौरस इंचाला ८० पौंड, म्हणून परीक्षा त्याच्या दीडपट, १२० पौंडांवर. पाणीच का, असं लेकीनं विचारलं. हवा दाबली की ती स्प्रिंगसारखी ताकद साठवून ठेवते, बॉयलर फुटला तर तुकडे उडतात. पाणी जवळपास दाबलंच जात नाही. सांधा सुटला तर चार थेंब गळतात, काटा खाली येतो आणि विषय संपतो.

आमचा काटा १२० वर गेला आणि दहा मिनिटांत शंभरच्या खाली आला. तपासायला आलेले गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, जुने फिटर. ते काही न बोलता बॅटरी घेऊन वाकले आणि प्रत्येक बुश, प्रत्येक सांधा बोटानं पुसत गेले. बाहेर कुठेही ओल नाही. मग त्यांनी बॉयलरमध्ये पाणी नेणारी एक नळी सोडवली. तिच्या तोंडाशी एक थेंब हळूहळू फुगला आणि पडला. मग दुसरा. "तुमचा बॉयलर उत्तम आहे. क्लॅक गळतोय. तो दुरुस्त करून पुढच्या शनिवारी या," म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं की नापास झाल्याचं दुःखच झालं नाही.

क्लॅक म्हणजे एकतर्फी झडप. पाणी आत जाऊ द्यायचं, परत येऊ द्यायचं नाही. आत मिऱ्याएवढी पोलादी गोळी असते, ती गोल बैठकीवर बसते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर झडप उघडून भिंगाखाली धरली तर बैठकीवर चुन्याचा पांढरा थर आणि त्याखाली केसाएवढा ओरखडा. थर काढायला आपलं लिंबूफूल घेतलं. गरम पाण्यात चमचाभर घालून झडप त्यात सोडली, बारीक बुडबुडे आले आणि अर्ध्या तासात पितळ लख्ख. ओरखड्यासाठी मात्र बैठक रीमरनं, म्हणजे भोक तासायच्या हत्यारानं, हातानं फिरवून ताजी करावी लागली. नंतर तिच्यावर एक जुनी गोळी ठेवायची, वर पितळी सळी उभी धरायची आणि हलक्या हातोडीनं एक ठोका द्यायचा. एकच. दुसरा मारला की गोळी किंचित सरकते आणि बैठकीला दोन कडा पडतात. ठोकलेली गोळी टाकून नवी बसवायची. झडप धरते की नाही हे बघायची रीत मला त्या गृहस्थांनीच सांगितली होती. झडप स्वच्छ धुवायची, उलट्या बाजूनं तोंडानं हवा ओढायची आणि तिथं जीभ टेकवायची. जीभ चिकटून राहिली तर झडप चांगली. माझी राहिली. मी तशीच लेकीला दाखवायला गेले.

पुढच्या शनिवारी काटा १२० वर गेला तो तिथंच थांबला.

वाफेच्या परीक्षेला रॉकेलमध्ये भिजवलेला लाकडी कोळसा पेटवला, धुराड्यावर विजेचा छोटा पंखा लावून हवा खेचली, आणि आग धरल्यावर वर वेल्सचा दगडी कोळसा थोडा थोडा टाकला. (तिथली मर्थरजवळची मोठी खाण २०२३ च्या अखेरीस बंद झाली, त्यामुळे हा कोळसा आता मी जपून वापरते.) वीस-पंचवीस मिनिटांत ८० पौंड झाले आणि सेफ्टी व्हॉल्व फुसफुसले. आता आग भडकती ठेवून, ब्लोअर, म्हणजे धुराड्यात वाफ सोडून आगीला हवा खेचणारा नळ, पूर्ण उघडून दाब दहा टक्क्यांहून जास्त चढत नाही हे दाखवायचं, म्हणजे ८८ ची मर्यादा. काटा ८४ वर थांबला. मग बॉयलरमध्ये पाणी भरायचे दोन वेगळे मार्ग दाखवायचे. हातपंप चालला, इंजेक्टर अडला. वाफेच्या जोरावर पाणी आत ढकलणारी ही जादूची नळी स्वतः तापली की काम करत नाही. त्यावर ओलं फडकं गुंडाळलं, पाणी आधी सोडलं, वाफ मागून दिली. खाली गळणारी धार एकदम थांबली आणि बारीक शिटीसारखा आवाज लागला. सही मिळाली.

जूनमध्ये वेल्समधल्या एका क्लबनं पाहुण्या इंजिनांना बोलावलं. प्रवासाआधी बॉयलर, टाकी, सगळं रिकामं केलं. तेलाचा डबाही, कारण सिलिंडरचं तेल काकवीसारखं दाट असतं आणि गाडीच्या गालिच्यातून कधीच निघत नाही. उंची कमीजास्त होणाऱ्या हायड्रॉलिक टेबलावरून इंजिन थेट गाडीच्या मागच्या भागात सरकवलं. चाकांपुढे-मागे लाकडी पाचर ठोकली, पट्टे चेसिसला बांधले. दांड्यांना किंवा धुराड्याला पट्टा कधी बांधू नये, एका जोराच्या ब्रेकला ते वाकतात. तिथं पोचल्यावर सगळ्यात आधी प्रमाणपत्र दाखवलं. पाणी मी घरूनच कॅनमधून नेलं होतं, छपरावरून पिंपात साठवलेलं पावसाचं. त्यात चुना नसतो.

त्या क्लबच्या रुळांना चढ आहे. आमच्याकडे सगळं सपाट, त्यामुळे चढावर काचेचं काय होतं हे मी कधी अनुभवलंच नव्हतं. इंजिन चढू लागलं की पाणी मागे सरकतं, आणि काच मागेच असल्यामुळे ती भरलेली दिसते. मी निर्धास्त होते. माथा ओलांडला, इंजिन पुढे कललं आणि काचेतलं पाणी डोळ्यांदेखत खाली गेलं. आणखी उतरलं असतं तर फायरबॉक्सचा, म्हणजे बॉयलरमधल्या आगीच्या पेटीचा, माथा उघडा पडून तांबं भाजलं असतं. "आई, पाणी!" मागे बसलेली लेक ओरडली. मी आगीला हवा देणारं झाकण, म्हणजे डॅम्पर, बंद केलं, हातपंपाचा दांडा धरला आणि मोजून चाळीस वेळा मारला. काच अर्ध्यावर आली.

त्या दिवशी आम्ही अकरा फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीपासून चढ लागण्याआधी इंजेक्टर लावायचं काम लेकीनं आपल्याकडे घेतलं. संध्याकाळी आग काढली, नळ्या कोमट असतानाच ब्रशनं काजळी झाडली, बॉयलरमधलं पाणी सोडून दिलं. ती काच फडक्यानं पुसत होती. "पणजोबांच्या इंजिनाची काच केवढी असेल गं?" तिनं विचारलं. मी हातानं वीतभर अंतर दाखवलं.