घरात आमवात असेल तर

आमच्या आईला आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. तिची बोटं करंगळीकडं कलली आहेत, भाकरी थापायला तळहात नीट टेकत नाही. त्यामुळं आम्हा बहिणींपैकी कुणाचा हात दुखला की तासगावच्या घरात एकच प्रश्न: "तुलाबी त्येच न्हाई न्हवं?"

धाकटीला द्राक्षाच्या विरळणीत सुरू झालं. दिवसभर कात्री धरल्यावर हात दुखणारच, असं सगळे म्हणाले. पण कामाचं दुखणं रात्रीच्या झोपेनं उतरतं. हिचं उलटं. सकाळी मूठ वळेना, चहाचा कप दोन्ही हातांत धरायची, तासाभरानं कुठं बोटं सैल व्हायची. दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाशी सूज, दाबलं की कळ. अंगठी निघेना.

आई लगेच म्हणाली, दवाखान्यात चल. तिची स्वतःची वर्षं मेडिकलमधल्या दुखण्याच्या गोळ्यांवर गेली होती. त्यांनी कळ थांबते, आतली झीज थांबत नाही, आणि वाकडा झालेला सांधा औषधानं सरळ होत नाही. म्हणून पहिले काही महिने फार मोलाचे. सूज आणि सकाळचा आखडलेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर सांध्यांचे तज्ज्ञ म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट गाठा. ते जवळ नसतील तर एम.डी. मेडिसिनवाले डॉक्टर.

मला काहीच त्रास नव्हता, तरी मीही रक्त तपासायचं म्हणाले. डॉक्टरांनी गरज नाही म्हणून सांगितलं. आरए फॅक्टर, म्हणजे या आजारासाठी रक्तात तपासतात तो घटक, धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येतो आणि आजार असून निगेटिव्हही. सख्ख्या नात्यात आजार असला की धोका साधारण तिपटीनं वाढतो, पण मुळात तो शंभरात एखाद्यालाच होतो. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला तरी दुसऱ्याला बहुतेक वेळा होत नाही. बिडी-सिगारेटनं मात्र धोका नक्की वाढतो, हे भावाला मी रोज ऐकवते.

धाकटीला आमवातच निघाला, त्यावर मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून तिनं पाकिटावर पेनानं 'रविवार' लिहून ठेवलंय. अधूनमधून लिव्हरची आणि रक्तपेशींची तपासणी असते. आणि पोरींनो, ही गोळी गरोदरपणात चालत नाही. लग्न ठरत असेल, मूल हवं असेल, तर आधीच डॉक्टरांना सांगा. ते दुसरं औषध देतात.