पाच जॉब कार्डं आणि एक वायर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तासगावात बेदाणा भरताना, पंपावर, धाब्यावर, जो भेटेल तो हेच विचारतो: "गाडी पाच वेळा वर्कशॉपला नेलीत, शेवटी सुधारली कशानं?"

माझ्या मालवाहू गाडीचं दुखणं असं होतं. वाशीला जाताना काहीही नाही. परतीचं भाडं भरून खोपोली सोडली आणि बोरघाट चढायला लागलो, की डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागायचा आणि पिकअप जायचा. दुसऱ्या गिअरवर रांगत खंडाळा गाठायचा. तिथं थोडा वेळ बंद ठेवली की गाडी परत ठीक.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या कडक नियमाच्या आल्या. माझ्यासारख्या डिझेल गाडीत सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात डीईएफ नावाचं द्रावण फवारलं जातं. आपण त्याला नुसतं युरिया म्हणतो, पण त्यात युरिया ३२.५ टक्केच, बाकी शुद्ध पाणी. त्यानं धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी होतं. ते नीट होतंय का, हे सेन्सर बघतो. त्याचा निरोप कम्प्युटरला पोचला नाही, तर कम्प्युटर इंजिनची ताकद कापतो. इंजिन धडधाकट, तरी गाडी चढत नाही.

पहिल्यांदा वर्कशॉपवाल्यांनी लॅपटॉप लावून कम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसला. मग युरियाचा फिल्टर, मग नवा सेन्सर, मग सॉफ्टवेअर. दर वेळी गाडी यार्डात, रिकामी, आणि शेरा 'ओके'. गाडीच्या कर्जाचा हप्ता कुणासाठी थांबत नव्हता. मी दहा मिनिटं सांगितलेलं सगळं जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रार-कामाच्या कागदावर, तीन शब्दांत उतरायचं: चेक इंजिन लाइट. याचा मला आजही राग येतो.

पाचव्या वेळी सही करायच्या आधी मी माझे शब्द लिहून घेतले. 'भरलेली गाडी, चढ, पंधरा मिनिटांनी दिवा आणि पिकअप डाउन. रिकाम्या गाडीला होत नाही.' ट्रायलही भरलेल्या गाडीवरच घ्यायची, हेही लिहायला लावलं. एक वयस्कर इलेक्ट्रिशियन मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसले. चढावर दिवा लागला. गाडी बाजूला घेतली, ते खाली शिरले आणि मलाही बोलावलं. बॅटरीच्या उजेडात दिसलं: सेन्सरकडे जाणारी वायर चासीच्या ब्रॅकेटला घासून बोटाच्या पेराएवढी सोलली होती, आतलं तांबं हिरवं पडलेलं. चढावर जोर लागला की इंजिन झुकतं, तेवढ्यात ती वायर लोखंडाला टेकायची. सेन्सर नवा बसवला होता, पण गाडीच्या मूळ वायरिंगकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

म्हणून प्रत्येक जॉब कार्डाची प्रत मागून घ्या, फुकट काम झालं असलं तरी. पुढे ग्राहक म्हणून तक्रार करायची वेळ आली तर ती कामी येते. धंद्यासाठी घेतलेली गाडी ग्राहक कायद्यात बसत नाही असं सांगून लोकांना परत पाठवतात. पण २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेल्या वस्तूला सूट आहे. एकच गाडी घेऊन ती स्वतः चालवणाऱ्याला तो आधार मोठा आहे.

मला तिथपर्यंत जावं लागलं नाही. वायरचा तो तुकडा मी मागून घेतला, पाचही कार्डांसोबत फायलीत ठेवलाय. त्यानंतर बोरघाटात दिवा लागलेला नाही.