त्रेसष्ट म्हटलं की छत्तीस

दुसरीत सध्या काय शिकवताय हो, असं शेजारच्या काकूंनी विचारलं (नातवाला आमच्याच शाळेत घालायचं चाललंय त्यांचं), तर म्हटलं लिहूनच टाकावं. मराठीत जोडाक्षरं सुरू आहेत. चटणी सगळ्यांना येते, सिद्धेश्वर लिहिताना मात्र पेन्सिलीची टोकं मोडतात, त्या द्ध आणि श्व ला मीपण लहानपणी घाबरायचेच.

पण आठवडा खाल्ला तो गणितानं.

सोमवारी मी नुसते अंक सांगत होते, पोरं पाटीवर लिहित होती. त्रेसष्ट म्हटलं तर पहिल्या बाकावरच्या मुलीनं ३६ लिहिलं. पुसायला लावलं, परत सांगितलं, परत ३६. मी आवाज चढवणारच होते आणि मग लक्षात आलं की अगं ही तर जसं ऐकतीये तसंच लिहितीये, आधी कानावर त्रे पडलं म्हणून ३ आणि मग सष्ट म्हणून ६.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. अर्ध्याहून जास्त पोरं घरी तेलुगू बोलतात, आजे-पणजे विणकामासाठी इथं आलेले, आता बऱ्याच जणांच्या आया विड्या वळतात, हजार विड्यांमागे मजुरी. दोन-चार घरं कन्नड. तर तेलुगूत त्रेसष्टला अरवै मूडु म्हणतात, म्हणजे आधी साठ मग तीन, कन्नडमध्येपण तसंच, जसं लिहायचं तसंच बोलायचं. उलटं आपलंच आहे! मराठी घरातली पोरं पण ३६ लिहितातच की, फक्त ती लवकर सरावतात.

आठवतंय का, २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला वीस एक असं वाचन दिलं तेव्हा केवढा दंगा झाला होता, टीव्हीवर चर्चा काय, व्हॉट्सअ‍ॅपवर जोक काय. मीपण फॉरवर्ड केले होते, खोटं कशाला बोलू.

आणि मंगळवारी वर्गात गपचूप तेच केलं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावून, सहा गठ्ठे आणि तीन सुट्ट्या. किती? साठ आणि तीन. हां, ह्यालाच त्रेसष्ट म्हणायचं. ती पोरगी गठ्ठ्यांवर बोट ठेवून स्वतःशीच अरवै, अरवै मूडु असं पुटपुटली आणि ६३ लिहून मोकळी. त्रेसष्ट सोडायचं नाहीये हं, भाजीवाली काय साठ तीन रुपये म्हणणार नाही, पण तिथपर्यंत जायला तेलुगूची पायरी वापरली तर माझं काय जातंय.

बुधवारी एकोण घेतलं. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक कमी, असं करत एकोणनव्वदपर्यंत गाडी मस्त पळाली, सगळा वर्ग तालात ओरडतोय आणि मी पुढचं नव्याण्णव म्हटलं. शेवटच्या बाकावरचा एक उभा राहिला, "बाई, एकोणशंभर का नाय मग?"

मी घड्याळाकडे बघितलं. खिचडीच्या सुट्टीला अजून वीस मिनिटं होती.