मागीलदारचा धबधबा

गोव्यातल्या साखळी गावात राहून परसात धबधबा बांधायचा म्हणजे हलवायाच्या शेजारी राहून घरी पेढे वळण्यासारखं. हरवळ्याचा धबधबा इथून दोन पावलांवर. रेल्वेने बेळगावच्या बाजूला निघालं की वाटेत दूधसागर आहेच, ३०० मीटरांहून उंच. आमचा तीन फूट नऊ इंच.

पण मी काही हौसेने सुरुवात केली नव्हती. भांडण होतं ते पन्हळीशी. आमच्या मागच्या अंगाच्या कौलांचा उतार साधारण ६० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. जुलैत आमच्याकडे एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर कोणी भुवईसुद्धा उचलत नाही. म्हणजे ६००० लिटर पाणी, न्हाणीघरामागच्या त्याच एका कोपऱ्यात! दर वर्षी तिथे खड्डा, चिखल आणि भिंतीला माणसाच्या उंचीएवढी ओल. पाण्याला वाट काढून द्यायचीच होती. मागे जमीन उतरत माडांकडे जाते, तर तीन पायऱ्यांवरून उड्या मारत जाऊ दे की, एवढाच माझा विचार.

गवंड्याने सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाला, "बाय, हें कित्याक?" हे कशाला, याचं उत्तर माझ्याजवळ आजही नाही.

मे महिन्यात काम काढलं. चिरे घरचेच होते, जुन्या गोठ्याचे. खाली सहा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट खोल तळी खणली. हजारभर लिटर मावेल एवढी. विहिरीचं पाणी भरून रात्री झोपलो, सकाळी पाहतो तर तळाशी एक बेडूक आणि ओल. जांभा म्हणजे चाळणीच. मग जाड प्लास्टिकचं अस्तर आलं. पन्हळीच्या नळाला खाली एक टोपण बसवलं, म्हणजे पहिल्या पावसाची धूळ, पाखरांची घाण आणि फणसाची पानं परस्पर बाहेर जातात.

खरी फजिती पायरीच्या कडेला झाली. मला वाटलं होतं, पाणी कडेवर आलं की पडणार. ते पडेना. चिऱ्याच्या कडेला चिकटून उलटं आत वळायचं आणि भिंतीवरून घाम उतरावा तसं निमूट खाली यायचं. दोन दिवस मी त्या कडेसमोर उकिडवी बसून होते. शेवटी गवंड्यानेच कडप्प्याची गुळगुळीत लादी चार इंच पुढे काढून बसवली आणि तिच्या पोटाला, कडेपासून बोटभर आत, एक बारीक खाच मारली. छज्जाच्या खाली मारतात तशीच. मागे सरकणारं पाणी खाचेपाशी अडलं, थबकलं आणि सुटलं. चादरीसारखं, सरळ. गवंडी काही बोलला नाही, पण संध्याकाळी जाताना एकदा वळून बघून गेला.

पंपाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तीत माझी अक्कल दिसते. खोक्यावर लिहिलं होतं, ताशी २००० लिटर, हेड २ मीटर. मी दोन्ही आकडे एकत्र धरले. खरं म्हणजे २००० लिटर हे पाणी अजिबात वर न चढवता, आणि २ मीटर ही ती उंची जिथे पंप नुसता धापा टाकतो, पाणी शून्य. मधल्या उंचीला मिळाली गोमूत्राएवढी धार. तो पंप भाच्याच्या मासळीच्या टाकीत गेला. दुसरा दुप्पट मोठा आणला. ६० वॉटचा. रोज चार तास लावला तरी महिन्याला सात-सव्वासात युनिटं.

जूनमध्ये पाऊस धरला आणि पंपाची गरजच उरली नाही. तळी भरून जास्तीचं पाणी पाटाने माडांच्या आळ्यांत जायला लागलं, भिंत कोरडी झाली. फक्त एक झालं: धबधबा ऐकू येईना. कौलं, केळीची पानं, व्हाळ, रस्त्याकडेचं गटार, सगळंच कोसळत असताना आमच्या पावणेचार फुटांना कोण विचारतो? तो ऐकू आला दसऱ्यानंतर. पाऊस गेला, रात्री मोकळ्या झाल्या आणि मी पंप सुरू केला.

पहिल्याच रात्री सासूबाई उठून आल्या. "अगो, नळ उघडा राहिलाय काय?" दुसऱ्या रात्री पुन्हा. आयुष्यभर विहिरीवरून कळशा वाहिलेली बाई. पाणी वाया जातंय हा आवाज तिला झोपेतही कळतो. तिसऱ्या दिवशी मी त्यांना टॉर्च देऊन नेलं, तळीतले गप्पी मासे दाखवले, तेच पाणी वर जातं नि खाली येतं ते समजावलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "मग त्याला मिळतं काय?"

फेब्रुवारीपासून तळीत चार-दोन कळशा ओताव्या लागतात. एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते तेव्हा पंप बाहेर काढून ठेवते. तेवढी लाज मला आहे. मासे तेव्हा न्हाणीतल्या जुन्या भाणात.

परवा रात्री नवाच्या सुमाराला वीज गेली. पंखे थांबले, टीव्ही थांबला, मागीलदारीही शांत झालं. काळोखात आतल्या खोलीतून आवाज आला,

"अगो, नळ कोणी बंद केला?"